चार मिनिटं एकोणीस

लक्ष्मीपुरीत, मिरची-कांडपाच्या वरच्या माळ्यावर
माझा स्टुडिओ. भिंतीला अंड्यांचे ट्रे,
दाराला सोलापुरी चादर, दुहेरी.
खालचं डंकं रात्री नऊला थांबतं
तेव्हा कुठं माइकला ऐकू यायला लागतं.

गाणं पेठेच्या फुटबॉल संघाचं.
परवा फायनल. खाली मंडळाचा पोरगा
बाईक चालू ठेवूनच उभा,
पेन ड्राइव्ह माझ्याकडं, हॉर्न त्याच्याकडं.

पहिल्यांदा काढलं, तर शेवट तुटला.
मी खूण लावलेली नेमकी शेवटच्या थापेवर;
फाईल तिथंच संपली.
हलगी वाजली, पण घुमली नाही,
जेवत्या माणसापुढचं ताट ओढावं तसं.
थाप म्हणजे आवाज न्हवं, आवाज मागनं येतो,
असं सर्जेराव आवळे म्हणालेले,
खालच्या बोळात कागद पेटवून
हलगी शेकता शेकता.

दुसऱ्यांदा म्हटलं, सगळंच काढू.
रेषा सरकत राहिली, सरकत राहिली,
मी चहा गाळून आलो तरी निम्म्यावर.
फाईल बावीस मिनिटांची!
चार मिनिटांचं गाणं, आणि पुढं
नुसतं मसाईचं पठार,
झाड नाही, झुडूप नाही, मीटरची सुई झोपलेली.

हे दुखणं मला ठाऊक आहे.
लांब उजवीकडं कुठंतरी
एखादा तुकडा विसरून पडलेला असतो
आणि मशीन बिचारं इमानी,
तेवढ्यासाठी सगळी वाट चालत जातं.

सापडला. एकवीस मिनिटं अठ्ठावन्नला,
नखाएवढा. हेडफोन लावला.
खुर्ची करकरली, मग सर्जेराव:
"मग, थांबू न्हवं?"

थांबू म्हणजे बंद करू, की बसून राहू?
आपल्यात दोन्हीला शब्द एकच.
माझं उत्तर तुकड्यात नाही.
मी काचेच्या अलीकडं होतो, अंगठा दाखवला असेल.
नसेलही. तेव्हा मी बिल लिहीत होतो.

म्यूट केला. पण हे सॉफ्टवेअर
मुक्या तुकड्यालाही लांबीत धरतं.
पुसायला बोट गेलं
आणि बटणावरच राहिलं.

एकदा विचारलेलं, सलग किती वेळ वाजवता?
"आमच्यात मोजत न्हाईत.
मिरवणूक पापाच्या तिकटीला अडकली
तर तिथंच तासभर. खांदा बदलायचा, हात न्हाई."

शेवटी दोन खुणा लावल्या.
एक पहिल्या थापेआधी, श्वासभर जागा सोडून.
दुसरी तिथं, जिथं हलगीचं घुमणं
खोलीच्या स्वतःच्या आवाजात मिसळतं.
ही जागा स्क्रीनवर दिसत नाही.
लाट सपाट झालेली असते
आणि कान म्हणतो, अजून आहे, अजून आहे.
तीनदा मागंपुढं केलं.
मग म्हटलं, या दोन खुणांमधलं तेवढंच काढ.
चार मिनिटं एकोणीस.

पोरगा जिना चढून आलाच.
एका कानानं ऐकलं. "लई भारी.
पण तीस सेकंदांत बसव की लगा,
स्टेटसला लावायचंय."
तेही दिलं काढून, मधूनच उचलून,
कडा टोचणार नाहीत इतपत घासून.
शेवट नाही त्यात. त्याला नकोच होता.

बाईकचा आवाज बिंदू चौकाकडं गेला.
मी प्रोजेक्ट सेव्ह केला, तुकड्यासकट:
खुणेच्या पल्याड, साडेसतरा मिनिटांवर
तो आपला बसलाय.
सर्जेरावांना फोन लावावा वाटलं,
पावणेबारा वाजलेले.
जिन्यातून तिखटाचा ठसका वर आला,
दोनदा शिंकलो,
आणि काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून
उगाच अंगठा दाखवला.